आधार कोणाचा आणि शब्द कोणाचे? : ऑनलाइन ज्ञानकोशातील वैद्यकीय लेखांच्या संपादनाविषयी

विकिपीडिया या ऑनलाइन ज्ञानकोशाशी महाविद्यालयीन अध्यापकाचा संबंध बहुधा तक्रारीपुरता येतो. विद्यार्थी प्रकल्पवहीत तेथील मजकूर उतरवून आणतात आणि आपण लाल शाईने ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असा शेरा मारून वही परत करतो. प्रस्तुत लेखात याच्या उलट बाजूचा विचार करावयाचा आहे. विद्यार्थी अथवा अध्यापक स्वतः त्या ज्ञानकोशात लिहावयास बसतो आणि विषय एखाद्या आजाराचा असतो, तेव्हा त्याने माहिती कोठून घ्यावी व ती कोणत्या शब्दांत मांडावी? २००१ साली सुरू झालेल्या इंग्रजी विकिपीडियावर या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नियमांच्या स्वरूपात तयार आहेत. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये आणि उर्दू विकिपीडिया २००४ मध्ये सुरू झाला. या भाषांत लिहिणारे हात थोडे, त्यामुळे वैद्यकीय लेख लिहिताना आपण इंग्रजीतील नियमांकडेच पाहतो. ते नियम मुळात योग्य आहेत याबद्दल वाद नाही. परंतु ज्या वाचकाला समोर ठेवून ते झाले, तो वाचक पांढुर्णा-सौसरचा नव्हे.

पांढुर्णा आणि सौसर हे दोन्ही तालुके २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. त्या वर्षी दोहोंचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी, मुसलमान वस्तीत उर्दूचे वळण आणि मोठे दुखणे आले की नागपूर, असा येथील व्यवहार. आजारांची नावेसुद्धा तिन्ही भाषांतून फिरत असतात. एकाच गल्लीत कोणी कावीळ म्हणतो, कोणी पीलिया, आणि जुन्या हकिमाच्या चिठ्ठीत यरकान लिहिलेले असे. या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांकडून मी गेल्या काही वर्षांत सिकल सेल या आजारावर मराठी मसुदे लिहून घेतले. विषय मुद्दाम आपल्या भागातला निवडला. मध्य भारतातील सिकल सेलविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा नागपूरचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता, आणि १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ आपल्याच राज्यातील शहडोल येथून झाला. माझे पुढील विवेचन प्रामुख्याने या मसुद्यांवर आधारलेले आहे.

चार वाक्ये

मसुद्यांमध्ये चार वाक्ये निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आली.

पहिले वाक्य : ‘आईवडील दोघेही वाहक असतील तर चार मुलांपैकी एक मूल रुग्ण असते.’ खाली आधार दिलेला आहे, आणि आधारही चांगला आहे. आधारात पंचवीस टक्के हा आकडा आहे, परंतु तो प्रत्येक गर्भारपणाविषयी आहे. प्रत्येक खेपेला मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, आणि दोन्हींपासून मुक्त असण्याची चारात एक. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन सुटली असे मुळीच नाही. विद्यार्थ्याने शब्द बदलले होते, म्हणजे नक्कल केली नव्हती. आधारही दिला होता. दोन्ही नियम पाळले गेले आणि वाक्य चुकीचे राहिले; तेही असे की त्यावर विसंबून एखादे कुटुंब दुसऱ्या मुलाचा निर्णय घेईल.

दुसरे वाक्य : ‘वाहक व्यक्तीला हा आजार सौम्य स्वरूपात असतो.’ वाहकाला सर्वसाधारणपणे आजार नसतो. त्याच्यापाशी दोनपैकी एक जनुक असते. या एका वाक्याने किती स्थळे मोडली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मोहिमेत तपासणीनंतर जे पत्रक मिळते, त्यावर वाहक की रुग्ण हे समजते. त्याचा अर्थ लावण्यासाठी माणूस मोबाइलवर जे मराठी पान उघडेल, तेथे हे वाक्य नसावे.

तिसरे वाक्य आपल्या समाजाशी अधिक जवळून संबंधित आहे : ‘जवळच्या नात्यात विवाह केल्याने सिकल सेल होतो.’ विद्यार्थ्याला हे एका आरोग्य-पुरवणीत मिळाले होते. वस्तुतः आजार होतो तो दोन्ही बाजूंनी ते जनुक आल्यामुळे. ज्या घराण्यात जनुक आहे तेथे नात्यातील विवाहाने ते दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. ज्या घराण्यात नाही तेथे नात्यातील विवाहाने ते निर्माण होत नाही. मूळ वाक्यात ‘शक्यता वाढते’ होते, पुरवणीत ‘कारणीभूत ठरते’ झाले, मसुद्यात ‘होतो’ झाले. क्रियापद प्रत्येक मुक्कामी एक पायरी कठोर होत गेले आणि शेवटी ते एका समाजावरील दोषारोपाच्या जवळ पोहोचले. उलट, ज्या आदिवासी व अनुसूचित जातींच्या घरांत नात्यातील विवाहाची चाल नाही पण आजार आहे, त्यांना हे वाक्य ‘तुमचे काम नाही’ असे सांगून परत पाठवते.

चौथे वाक्य भाषेचे आहे. एका मुलीने लिहिले, ‘या आजारावर मज्जा बदलणे हा एक उपाय आहे, आणि यात स्नायूंवरही परिणाम होतो.’ तिने हिंदी लेख समोर ठेवला होता. हिंदीत मज्जा म्हणजे हाडातील मगज. मराठीत मज्जातंतू आणि मज्जासंस्था या शब्दांमुळे सामान्य वाचकाला मज्जा म्हटले की मेंदू व नसा आठवतात. हाडातील मगजासाठी ‘अस्थिमज्जा’ असे पूर्ण लिहावे लागते. स्नायूचे याच्या उलट. जुन्या हिंदीत स्नायुतंत्र म्हणजे मराठीची मज्जासंस्था. मराठीत स्नायू म्हणजे दंडातले, पोटरीतले मांस. संक्रमण हा हिंदीत संसर्ग असतो, मराठीत तो संक्रांतीचा शब्द आहे. दस्त म्हणजे हिंदीत जुलाब आणि आपल्याकडे रजिस्ट्रीचा कागद. सीमेवरच्या माणसाला हे शब्द दोन्हीकडून ऐकू येत असल्याने आपण चुकलो हे त्याला चटकन जाणवत नाही. हिंदीतून मराठीत मजकूर आणणे सोपे वाटते, लिपी तर तीच आहे, म्हणूनच ते काम इंग्रजीपेक्षा अधिक जपून करावे असे मला वाटते. यंत्राकडून केलेल्या भाषांतराची गत वेगळी नाही. त्यात सिकल सेलच्या वेदनेच्या तीव्र झटक्याचे ‘वेदनादायक संकट’ होते. वाक्य व्याकरणशुद्ध असल्याने कोणी हरकत घेत नाही.

नियम काय सांगतो आणि कोठे थांबतो

इंग्रजी विकिपीडियाचा वैद्यकीय आधारांविषयीचा नियम थोडक्यात असा : अनेक संशोधनांचा परामर्श घेणारे आढावालेख, नामांकित पाठ्यपुस्तके आणि राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय आरोग्यसंस्थांच्या मार्गदर्शिका यांचा आधार घ्यावा, एखादा सुटा प्रयोग अथवा वर्तमानपत्रातील वृत्त वैद्यकीय विधानासाठी पुरेसे मानू नये, आधार शक्यतो गेल्या पाचेक वर्षांतील असावा. याच्या जोडीला लेखनशैलीचाही एक संकेत आहे. प्रस्थापित गोष्ट सरळ सांगावी, ‘अमुक साली अमुक संस्थेला असे आढळले’ अशी वाक्ये करू नयेत. कोणी म्हटले ते तळटीपेत जावे.

इंग्रजी वाचकासाठी हे बरोबर आहे. तो तळटीपेवर बोट ठेवतो आणि निदान सारांश तरी वाचू शकतो. सौसरच्या वाचकाचे काय? मराठी लेखाच्या तळटीपा बहुतेक इंग्रजी असतात. त्यांवर बोट ठेवले की पैसे भरून वाचावयाचा निबंध उघडतो, आणि पैसे भरले तरी भाषा परकीच राहते. अशा वाचकाच्या दृष्टीने वाक्याच्या शेवटी असलेला चौकटी कंसातील आकडा म्हणजे रबरी शिक्का. शिक्का आहे, म्हणजे खरे असेल, एवढेच तो पाहतो. तपासून पाहण्याची जी सोय नियमाला अभिप्रेत आहे, ती येथे कागदावरच राहते.

म्हणून माझे म्हणणे असे की मराठी वैद्यकीय लेखात आधाराचा प्रश्न आणि शब्दांचा प्रश्न वेगळे ठेवता येत नाहीत. ज्या वाक्यावरून वाचक काही कृती करण्याचा संभव आहे (औषध देणे, तपासणी करणे, स्थळ पाहणे), त्या वाक्याच्या पोटातच कोणी सांगितले, कधी सांगितले आणि कोणाविषयी सांगितले हे आले पाहिजे. वाक्य थोडे लांबेल, लांबू द्यावे.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो गंभीर आहे. प्रत्येक ठिकाणी ‘अमुक संस्थेच्या मते’ लिहिले की सिद्ध गोष्टही मतासारखी दिसू लागते. पोलिओच्या लसीने पोलिओ टळतो, हे ‘जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे’ अशा शब्दांत लिहिणे म्हणजे प्रामाणिकपणाच्या नावाखाली शंका पेरणे होय. काही मोहल्ल्यांतून लसीविषयी ज्या अफवा फिरल्या, घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर जी दारे बंद झाली, ते आपण विसरलेलो नाही. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. येथे ‘च्या मते’ नको. नाव द्यावयाचे ते वयोमर्यादा, मात्रा, शिफारस, बदलणारा आकडा यांच्याबरोबर. कोठे द्यावे आणि कोठे देऊ नये हे ठरविण्यासाठी विषय कळलेला असावा लागतो, याला इलाज नाही.

सरका आणि तवारुद

आता शब्दांच्या मालकीचा प्रश्न. २०११ मध्ये पुण्यात विकिमीडिया फाउंडेशनने भारतीय शिक्षण कार्यक्रम नावाचा प्रयोग केला. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, सिंबायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांसारख्या संस्थांतील शेकडो विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावयास सांगण्यात आले. पुस्तके व संकेतस्थळे यांतून उचललेला मजकूर एवढ्या प्रमाणात येऊ लागला की तो काढून टाकताना जगभरचे स्वयंसेवक थकले, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये हा प्रयोग आवरता घ्यावा लागला. विषय वैद्यकीय नव्हते. तरीही आपल्या वर्गात असे काही करू पाहणाऱ्याने ही हकिकत डोळ्यांसमोर ठेवावी.

त्या मुलांना चोर म्हणण्यास माझे मन तयार होत नाही. दहावीपासून आपण ज्या उत्तराला जास्त गुण देतो ते पुस्तकातल्यासारखे उत्तर असते. पाठ केलेले परिच्छेद अचूक उतरवणे हा आपल्याकडे गुण आहे, आणि मग एके दिवशी आपणच सांगतो की हा गुन्हा आहे. मुले मधला मार्ग काढतात : ‘रुग्ण’च्या जागी ‘आजारी व्यक्ती’, ‘आढळते’च्या जागी ‘दिसून येते’. वाक्याचा सांगाडा तोच, कपडे नवे. तथ्यावर आणि कल्पनेवर कोणाची मालकी नसते, मालकी मांडणीवर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे. सांगाडा म्हणजेच मांडणी, हे आपण मुलांना सांगत नाही.

उर्दू समीक्षेत यासाठी दोन जुन्या संज्ञा आहेत. दुसऱ्याचा मजमून उचलणे म्हणजे सरका. आणि दोन शायरांना एकमेकांच्या नकळत तोच मजमून सुचणे म्हणजे तवारुद. वैद्यकीय लेखनात तवारुदला मोठी जागा आहे. ‘सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे’ हे वाक्य दहा जण दहा प्रकारे लिहू शकत नाहीत, आणि लिहिण्याचा आग्रह धरला तर कोणीतरी ‘रुधिरसंबंधी वंशपरंपरागत विकृती’ लिहील. नकलेचा संशय टाळण्यासाठी मुद्दाम वेगळा शब्द घेणे हा आरोग्यलेखनातील दोषच मानावा. ‘वाहक’ या शब्दाला पर्याय शोधू नये. ‘लक्षण’ आणि ‘गुणधर्म’ हे त्याचे पर्याय नव्हेत. कोणता शब्द हलवता येतो आणि कोणता नाही, हे कळण्यासाठी पुन्हा तेच, आधार समजून वाचलेला असावा लागतो.

जुने कोश वापरण्याविषयी थोडे. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ मध्ये वारले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांची मुदत उलटून गेल्याने त्यांच्या लेखणीतून ज्ञानकोशात उतरलेला मजकूर आज कोणीही घेऊ शकतो. पण १९२० च्या दशकातील वैद्यक आज कोणी घेऊ नये; पेनिसिलिन उपचारात आले त्याच्या आधीचे ते लेखन आहे. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. त्याच्या नोंदी संकेतस्थळावर सर्वांना वाचता येतात, मात्र वाचावयास खुले असणे आणि उचलावयास खुले असणे या भिन्न गोष्टी आहेत. परिभाषेसाठी विश्वकोशासारखा सोबती नाही. उपचारासाठी त्यातील नोंदीचे साल पाहावे. इंग्रजी विकिपीडियातील मजकूर भाषांतरित करून घेण्यास परवानगी आहे. मूळ लेखाचा उल्लेख संपादनाच्या नोंदीत करावा एवढीच अट असते, आणि तीच बहुधा पाळली जात नाही.

खोकल्याचे औषध

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या जुन्या जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक लहान मुले मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्या दिवसांत घरोघर एकच प्रश्न होता, आणि वर्गातही तोच आला. काही विद्यार्थ्यांनी यावर लिहिण्याची इच्छा दर्शविली. मी त्यांना थांबविले नाही. पण त्यांच्यासमोर त्या आठवड्यातील वृत्ते तारखेनुसार लावून ठेवली. सुरुवातीला संशय पाण्यावर आणि उंदरांपासून होणाऱ्या संसर्गावर होता. ३ ऑक्टोबरला केंद्राकडून सांगण्यात आले की तपासून झालेल्या नमुन्यांत विषारी द्रव्य आढळले नाही. पाठोपाठ तमिळनाडूच्या तपासणीत एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाल्याचे समोर आले (मर्यादा ०.१ टक्क्याची), आणि ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात त्या औषधावर बंदी आली. यांपैकी कोणत्याही एका दिवशी लेख लिहून ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी तो दिशाभूल करणारा ठरला असता. वृत्तपत्रांनी आपले काम केले. ज्ञानकोशाचे काम निराळे आहे.

डायएथिलीन ग्लायकॉलविषयी पक्की माहिती मात्र जुनी आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत त्याने शंभरावर बळी घेतले. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण मरण पावले. शरीरात त्याचे विघटन होऊन तयार होणारी द्रव्ये मूत्रपिंडाला इजा करतात आणि मुलाची लघवी कमी होत होत बंद होते. घरच्या माणसाला ओळखता येण्यासारखी खूण तीच. मसुद्यांमध्ये ती ‘मूत्रोत्सर्जनात घट’ या शब्दांत आली होती. संस्कृत शब्द घातला की लेख भारदस्त होतो हा समज आपणच रुजविलेला आहे.

आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी जी सूचना काढली तिच्यात दोन गोष्टी होत्या : दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी त्यांची सर्वसाधारणपणे शिफारस केली जात नाही. एका मसुद्यात याचे झाले, ‘पाच वर्षांखालील मुलांच्या खोकल्याच्या औषधांवर सरकारने बंदी घातली आहे.’ दोन वयांचे एक वय झाले, डॉक्टरांना दिलेली सूचना बंदी झाली, आणि एका औषधावरील बंदी सर्व औषधांवर पसरली. दुरुस्त वाक्य असे झाले : ‘केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये डॉक्टरांना कळविले की दोन वर्षांखालील मुलांना ही औषधे देऊ नयेत, व पाच वर्षांपर्यंतही सहसा देऊ नयेत.’ इंग्रजी संकेताप्रमाणे यातील निम्मे शब्द तळटीपेत जावेत. मी ते वाक्यातच ठेवण्याच्या बाजूचा आहे. पुढे सूचना बदलली तर वाचकाला निदान साल दिसेल.

अबू बक्र राझीची वहीची रीत मी वर्गात सांगतो. त्याच्या टिपणांतून त्याच्या मृत्यूनंतर (सुमारे इ. स. ९२५) ‘अल-हावी’ हा प्रचंड ग्रंथ तयार झाला. त्यात राझी प्रथम ज्याचे मत असेल त्याचे नाव लिहितो, मग त्याचे म्हणणे, आणि स्वतःचे निरीक्षण सांगावयाचे झाले की ‘ली’ असा शब्द घालतो, म्हणजे ‘माझे’. ग्रीक, भारतीय, अरब, सर्वांची मते एका पानावर, पण कोठले कोणाचे याचा घोटाळा नाही. (देवी आणि गोवर यांचा भेद सांगणारा ग्रंथही त्याचाच; आपल्याकडे आजही एकाच ‘माता’ शब्दात दोन-तीन आजार बसतात.) विद्यार्थी मसुदा लिहिताना आता समासात प्रत्येक वाक्याला नाव लिहितात, आणि ज्याला नाव सापडत नाही तेथे ‘ली’. ज्ञानकोशात स्वतःचे संशोधन चालत नाही, म्हणून ‘ली’ची वाक्ये शेवटी गळतात.

एक मात्र अडकले. सिकल सेलमध्ये लहान मुलांची प्लीहा सुजते. त्या वाक्यात एका मुलाने लिहिले, ‘प्लीहा, जिला पांढुर्ण्याकडे तिल्ली म्हणतात’, आणि समासात प्रामाणिकपणे ‘ली’ लिहिले. पांढुर्ण्याकडे असे म्हणतात याला छापील आधार माझ्यापाशी नाही. नियमाने ते शब्द काढावयास हवे होते. परंतु मुलाचे पोट डाव्या बाजूला फुगलेले पाहणाऱ्या आईला कळेल असा त्या वाक्यात तो एकच शब्द होता. आम्ही तो ठेवला, आणि लेखाच्या चर्चापानावर त्याला आधार मिळालेला नाही अशी नोंद केली.